१० गिगाबिटच्या कार्डावर ३५० मेगाबिटलाच पॅकेट गळतात: ड्रायव्हरची कोणती सेटिंग बदलावी?

खराडी_रात्रपाळी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

खराडीतील आमच्या कार्यालयात कॉल रेकॉर्डिंगचा एक सर्व्हर आहे. विमा ग्राहकांशी होणारे प्रत्येक संभाषण त्यावर साठवले जाते आणि पुढे वाद उपस्थित झाला तर तेच रेकॉर्डिंग पुरावा म्हणून काढावे लागते, त्यामुळे त्यातील एखादे वाक्य गहाळ झालेले चालत नाही. काही आठवड्यांपासून सकाळी अकरा ते दुपारी दीड या गर्दीच्या वेळेतील रेकॉर्डिंगमध्ये आवाज मधूनमधून तुटतो, अशी तक्रार आमच्या गुणवत्ता विभागाकडून येत आहे. प्रत्यक्ष बोलणाऱ्या दोघांना कॉल स्वच्छ ऐकू येतो. तुटतो तो फक्त आमच्याकडे साठलेला आवाज.

रचना अशी आहे. दोन एसबीसी, म्हणजे येणारे-जाणारे कॉल हाताळणारे सेशन बॉर्डर कंट्रोलर, सिपरेक या कॉल-रेकॉर्डिंगच्या प्रमाण पद्धतीने प्रत्येक कॉलच्या आवाजाची प्रत या सर्व्हरकडे पाठवतात. कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत, जी.७११ असून दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट निघते. गर्दीच्या वेळी एकाच वेळी सुमारे १,८०० कॉल चालू असतात. सर्व्हरला दोन प्रोसेसर आहेत, मिळून २४ कोअर आहेत. कार्ड इंटेलचे एक्स५२०, दोन पोर्टांचे, १० गिगाबिटचे, ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) आयएक्सजीबीई. दोन्ही पोर्ट अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप पद्धतीच्या बाँडमध्ये बांधलेले आहेत, म्हणजे एका वेळी एकच पोर्ट काम करतो. लिनक्सवर नेटवर्कची व्यवस्था नेटवर्कमॅनेजर पाहतो. एसबीसी आणि सर्व्हर एकाच १० गिगाबिटच्या स्विचवर आहेत.

स्विचच्या पोर्टवर एकही त्रुटी नोंदलेली नाही. सर्व्हरवर ईथटूल या कार्डाची स्थिती दाखवणाऱ्या आज्ञेच्या आकडेवारीत मात्र आरएक्स_नो_डीएमए_रिसोर्सेस हा आकडा गर्दीच्या वेळी सतत वाढतो आणि दुपारी तीननंतर जागच्या जागी थांबतो. मला न उलगडणारी गोष्ट ही की, त्या वेळीसुद्धा पोर्टवरची वाहतूक साडेतीनशे मेगाबिटच्या पुढे जात नाही. कार्डावर जेमतेम साडेतीन टक्के भार असताना पॅकेट गळावेत कसे? सर्व कोअर मिळून प्रोसेसरचा सरासरी वापरही १५ टक्क्यांच्या आतच असतो.

रेकॉर्डर पुरवणाऱ्या कंपनीचे म्हणणे असे की दोष नेटवर्कचा आहे. नेटवर्क सांभाळणारे म्हणतात की स्विच निर्दोष आहे. दोघांच्या मध्ये सर्व्हर माझ्या गळ्यात आहे. तेव्हा मला तीन गोष्टींवर मार्गदर्शन हवे आहे. ड्रायव्हरची नेमकी कोणती सेटिंग बदलावी? ती बदलताना चालू कॉलचे रेकॉर्डिंग तुटेल का? आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर बदल टिकून राहावेत यासाठी काय करावे? शेवटचा प्रश्न विचारण्याचे कारण उघड आहे: गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघाली आणि जनरेटरने दगा दिला, तर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो.

भोसरी_एमआयडीसी

रिंग बफर, म्हणजे आलेली पॅकेट तात्पुरती ठेवण्याच्या घरांची रांग, छोटा आहे, दुसरे काही नाही. आयएक्सजीबीईमध्ये तो मुळात ५१२ असतो आणि बऱ्याच आवृत्त्यांत कमाल ४,०९६ करता येतो. तो थेट कमाल करावा, टीएसओ, जीएसओ, जीआरओ, एलआरओ हे सगळे ऑफलोड (पॅकेट जोडण्या-तोडण्याच्या सोयी) बंद करावेत, इंटरप्ट, म्हणजे कार्डाने कोअरला दिलेल्या हाका, कोअरमध्ये वाटणारी आयआरक्यूबॅलन्स ही सेवा थांबवावी आणि कार्डावर फ्लो कंट्रोल चालू करावा. आमच्याकडे नवीन सर्व्हर आला की आम्ही हे चार बदल न विचारता करतो आणि पुन्हा त्याकडे पाहावे लागत नाही.

सदाशिव_रूट

वरच्या चार उपायांपैकी एखाद्याने तक्रार थांबेलही, पण ती कशामुळे थांबली हे कळणार नाही आणि १,८०० चे २,५०० कॉल झाले की ती पुन्हा दारात उभी राहील. म्हणून आधी पॅकेट नेमके कुठे गळते ते पाहू या. आज्ञा इथे देवनागरीत लिहितो. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमनमध्ये द्याव्यात, आणि लहान व मोठ्या अक्षरांतला भेद पाळावा, कारण ईथटूलमध्ये लहान अक्षर बहुतेक वेळा दाखवते आणि मोठे अक्षर बदलते.

सर्व्हरच्या आत आलेले पॅकेट तीन ठिकाणी गळू शकते. पहिले ठिकाण कार्डाचे: ड्रायव्हरने कार्डाला दिलेल्या रिंगमध्ये मोकळी जागा उरली नाही की कार्ड पॅकेट टाकून देते, आणि या कार्डावर त्याची नोंद आपण सांगितलेल्या आरएक्स_नो_डीएमए_रिसोर्सेस या आकड्यात होते. दुसरे ठिकाण कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे. /प्रॉक/नेट/सॉफ्टनेट_स्टॅट या फाइलमध्ये प्रत्येक कोअरची एक ओळ असते, तिच्या दुसऱ्या स्तंभात टाकून दिलेली पॅकेट आणि तिसऱ्या स्तंभात काम शिल्लक असताना वेळ किंवा कोटा संपल्याने हात आखडता घ्यावा लागला असे प्रसंग, दोन्ही षोडशमान पद्धतीत लिहिलेले असतात. तिसरे ठिकाण सॉकेटचे, म्हणजे प्रोग्रॅम जिथून पॅकेट उचलतो त्या दाराचे: पॅकेट पोहोचले, पण रेकॉर्डरने ते वेळेत उचलले नाही, तर नेटस्टॅट या आज्ञेच्या यूडीपी (पोच न घेता पॅकेट पाठवण्याची पद्धत; आवाज तिच्यावरूनच येतो) आकडेवारीत रिसीव्ह बफर एरर वाढतात. आपला आकडा पहिल्या ठिकाणचा आहे, म्हणजे तूर्त तरी रेकॉर्डर पुरवणाऱ्या कंपनीचे म्हणणे निम्मे खरे आहे. दोष सर्व्हरच्या आतला आहे, पण तो त्यांच्या प्रोग्रॅमपर्यंत अजून पोहोचलेला नाही.

आता साडेतीनशे मेगाबिटचे कोडे. आवाजाच्या बाबतीत मेगाबिट मोजून फारसे काही हाती लागत नाही, पॅकेट मोजावी लागतात. जी.७११ मध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज १६० बाइटचा. त्यावर नेटवर्कच्या एकेका थराची शीर्षके, म्हणजे आवाज वाहणाऱ्या आरटीपीचे १२, यूडीपीचे ८ आणि आयपीचे २०, धरली की २०० बाइट, आणि इथरनेटचा सगळा सरंजाम, दोन फ्रेममधील सक्तीच्या अंतरासह, धरला की तारेवर २३८ बाइटची जागा जाते. एका कॉलच्या दोन बाजू, प्रत्येकीची सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे १,८०० कॉलची सेकंदाला १ लाख ८० हजार पॅकेट. गुणाकार केला तर ३४३ मेगाबिट येतात, जे आपल्या निरीक्षणाशी जुळते.

हा आकडाही सरासरीचाच आहे आणि सरासरीवर विसंबल्यामुळेच असे प्रश्न महिनोन् महिने रेंगाळतात. पुष्कळशा गेटवेंमध्ये आवाजाची पॅकेट २० मिलिसेकंदांच्या एकाच ठोक्यावर बाहेर पडतात. तसे होत असेल तर कॉलच्या ३,६०० बाजू दोन एसबीसींत निम्म्या-निम्म्या धरून प्रत्येक एसबीसी दर ठोक्याला १,८०० पॅकेट एकापाठोपाठ एक सोडतो आणि उरलेला वेळ गप्प बसतो. १० गिगाबिटच्या तारेवर असे एक पॅकेट ०.१९ मायक्रोसेकंदात येते, म्हणजे १,८०० पॅकेट ०.३४ मिलिसेकंदात येऊन थडकतात. एका कोअरला एका पॅकेटमागे समजा १ मायक्रोसेकंद लागतो, तर तेवढ्या वेळात त्याने साधारण ३४० पॅकेट उपसलेली असतील आणि सुमारे १,४६० रिंगमध्ये साचायला हवीत. जागा ५१२ चीच आहे. बाकीची गळतात, पुढचे १९ मिलिसेकंद तोच कोअर मोकळा बसतो आणि सरासरीत तो आळशी दिसतो.

यावर प्रश्न असा पडेल की २४ कोअर असताना एकाच कोअरने का उपसावे. कार्डात त्यासाठी आरएसएस नावाची सोय आहे: प्रत्येक पॅकेटच्या पत्त्यांवरून एक हॅश, म्हणजे गणिताने बनवलेली संख्या, काढायचा, त्यावरून १२८ घरांच्या तक्त्यातून रांग ठरवायची आणि प्रत्येक रांगेचा इंटरप्ट वेगळ्या कोअरकडे द्यायचा. आपल्या कार्डातली ८२५९९ ही चिप अशा १६ रांगांमध्ये वाटणी करते; ईथटूल -एल मध्ये २४ रांगा दिसल्या तरी आरएसएसपुरत्या १६ च धराव्यात. टीसीपीसाठी हॅशमध्ये दोन्हीकडचे आयपी पत्ते आणि दोन्हीकडचे पोर्ट क्रमांक घेतले जातात. यूडीपीसाठी मात्र हा ड्रायव्हर मुळात फक्त आयपी पत्ते घेतो. आपल्याकडे पाठवणारे पत्ते दोन आणि घेणारा एक. तेव्हा हजारो प्रवाह असूनही कार्डाच्या दृष्टीने दोनच जोड्या आहेत आणि त्या फार तर दोन रांगांमध्ये पडणार. स्वारगेटला सोळा गाड्या उभ्या असताना सगळे प्रवासी दोनच गाड्यांत कोंबण्यासारखा हा प्रकार आहे.

हे खरे आहे का ते आधी पडताळून पाहावे. गर्दीच्या वेळी /प्रॉक/इंटरप्ट्स दोनदा, काही सेकंदांच्या अंतराने, पाहावे आणि कोणत्या रांगांचे आकडे झपाट्याने वाढतात ते टिपावे. ईथटूल -एस मध्येही प्रत्येक रांगेची पॅकेट स्वतंत्र मोजलेली असतात. सध्याचा हॅश पाहण्यासाठी: ईथटूल -एन (लहान एन), पुढे इंटरफेसचे नाव, पुढे आरएक्स-फ्लो-हॅश यूडीपी४. उत्तरात फक्त दोन आयपी पत्त्यांचा उल्लेख आला तर निदान पक्के समजावे. बदलण्यासाठी तीच आज्ञा मोठ्या एनने द्यावी आणि शेवटी एसडीएफएन ही चार अक्षरे लिहावीत: एस म्हणजे पाठवणाऱ्याचा पत्ता, डी म्हणजे घेणाऱ्याचा, एफ आणि एन म्हणजे अनुक्रमे त्यांचे पोर्ट क्रमांक. या बदलाने लिंक खाली जात नाही, ड्रायव्हर केवळ चिपमधील एक रजिस्टर बदलतो. चालू रेकॉर्डिंगला धक्का न लावता करता येणारा हा एकमेव मोठा बदल आहे, म्हणून तोच पहिला करावा. दर ठोक्याची १,८०० पॅकेट १६ रांगांमध्ये पसरली की प्रत्येकीच्या वाट्याला शंभर-सव्वाशे येतात आणि ५१२ ची रिंगसुद्धा पुरते.

आज्ञा दिल्यावर कर्नलच्या नोंदींमध्ये एक इशारा उमटेल, की तुकडे झालेली पॅकेट आता क्रम चुकवून वर पोहोचू शकतात. घाबरू नये, पण त्याकडे दुर्लक्षही करू नये. तुकडे झालेल्या पॅकेटच्या पहिल्या तुकड्यातच पोर्ट क्रमांक असतो, म्हणून तुकड्यांची वाटणी केवळ पत्त्यांवरून होते आणि त्याच प्रवाहातील अखंड पॅकेट दुसऱ्या रांगेत जाऊ शकतात. पोर्ट वगळण्याची मूळ प्रथा याच कारणाने पडली. २०० बाइटच्या आरटीपीचे तुकडे कधीच होत नाहीत. सिपरेकच्या इन्व्हाइट (रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या) संदेशात मात्र एसडीपी या आवाजाच्या मांडणीच्या वर्णनाबरोबर कॉलची माहिती देणारे एक्सएमएलही असते आणि तो १,५०० बाइटच्या पुढे सहज जातो. सिप, म्हणजे कॉल जोडणाऱ्या संदेशांची पद्धत, यूडीपीवर चालू असेल तर तेवढे टीसीपीवर न्यावे. तसेही आरएफसी ३२६१ या २००२ सालच्या प्रमाणातच म्हटले आहे की मार्गाचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) माहीत नसताना विनंती १,३०० बाइटपेक्षा मोठी असेल, तर ती टीसीपीसारख्या गर्दी ओळखणाऱ्या वाहकावरूनच पाठवावी.

भोसरीकरांच्या सूचनांविषयी थोडे लिहिणे भाग आहे. टीएसओ आणि जीएसओ पाठवण्याच्या बाजूचे, एलआरओ टीसीपीचा, आणि जीआरओही नेहमीच्या मांडणीत टीसीपीचीच पॅकेट जोडतो. येणाऱ्या आरटीपीशी यांपैकी कोणाचाच संबंध येत नाही, त्यामुळे ते बंद करून इथे काही साधणार नाही. फ्लो कंट्रोल चालू केला तर सर्व्हर स्विचला थांबण्याची खूण करेल, स्विचचे बफर भरतील आणि त्याचा त्रास ज्यांचा या सर्व्हरशी काडीचा संबंध नाही अशा पोर्टांनाही होऊ शकेल. रिंग वाढवण्याला माझा विरोध नाही, पण ४,०९६ चा हट्ट नसावा. या ड्रायव्हरमध्ये रिंगच्या एका घरामागे साधारण २ किलोबाइटचा बफर असतो. ४,०९६ घरांची एक रांग म्हणजे ८ मेगाबाइट, १६ रांगा म्हणजे १२८ मेगाबाइट, आणि एवढा पसारा प्रोसेसरच्या एल३ कॅशेत, म्हणजे आतल्या जलद स्मृतीत, मावत नाही. १,०२४ किंवा २,०४८ पुरे.

रिंग बदलताना आयएक्सजीबीई कार्ड खाली घेऊन पुन्हा वर आणतो, म्हणजे लिंक क्षणभर जाते. आपल्याकडे बाँड आहे, त्याचा उपयोग करावा: आधी बॅकअप पोर्टची रिंग बदलावी, लिंक स्थिर झाल्याची खात्री करून बाँडचा सक्रिय पोर्ट त्याच्याकडे वळवावा आणि मगच दुसऱ्या पोर्टला हात लावावा. हॅशची आज्ञाही दोन्ही पोर्टांना स्वतंत्रपणे द्यावी लागते. बाँडच्या नावाने ती दिली तर चालणार नाही, आणि एकाच पोर्टला दिली तर ज्या दिवशी बाँड पालटेल त्या दिवशी हा धागा पुन्हा वर येईल.

कात्रज_घाट

हॅशविषयी वर सविस्तर आलेच आहे. मी तीन गोष्टींकडे लक्ष वेधतो, ज्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये दिसत नाहीत पण ड्रायव्हरचा खेळ बिघडवतात.

पहिली गोष्ट कोअरच्या झोपेची. २० मिलिसेकंदांतून एकदा काम आणि मध्ये शांतता, हा आकृतिबंध कोअरला गाढ झोपवण्यासाठी अगदी सोयीचा आहे. लिनक्सच्या इंटेल_आयडल ड्रायव्हरमध्ये स्कायलेक पिढीच्या सर्व्हर प्रोसेसरसाठी सी६ या गाढ झोपेच्या अवस्थेतून जागे होण्याचा वेळ १३३ मायक्रोसेकंद धरलेला आहे. सदाशिव_रूट यांच्याच हिशेबाने त्या वेळात तारेवरून ७०० पॅकेट येतात. म्हणजे एकाच रांगेत सगळा लोंढा येत असेल, तर कोअरने डोळे उघडण्यापूर्वीच ५१२ ची रिंग ओसंडलेली असते. आपला प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे हे आपण लिहिलेले नाही, पण बायोसमधील वीजबचतीची निवड आणि ट्यून्ड या सर्व्हरची कामगिरी जुळवणाऱ्या सेवेचा चालू असलेला प्रोफाइल, या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. नेटवर्क-लेटन्सी हा प्रोफाइल कोअरला गाढ झोपू देत नाही. त्याने विजेचा वापर आणि सर्व्हर खोलीतील उष्णता दोन्ही वाढतात, म्हणून तो सरसकट सगळ्या सर्व्हरवर लावू नये. या एका सर्व्हरवर मात्र तो योग्य ठरेल.

याच ओघात इंटरप्ट एकत्र करण्याच्या सेटिंगविषयी सांगतो, कारण पुढे कोणीतरी ते सुचवेलच. आयएक्सजीबीईमध्ये आरएक्स-यूसेक्स या सेटिंगची १ ही किंमत म्हणजे एक मायक्रोसेकंद नव्हे. तिचा अर्थ असा की ड्रायव्हरने वाहतूक पाहून अंतर स्वतः ठरवावे, आणि मुळात तीच किंमत असते. ० दिले तर बंधन उठते. त्याहून मोठी संख्या दिली तर तेवढे मायक्रोसेकंद पक्के धरले जातात. उदाहरणार्थ ५० दिले तर एका रांगेचे इंटरप्ट सेकंदाला २०,००० च्या वर जात नाहीत. टीएक्स-यूसेक्स वेगळे द्यायला गेलात तर ड्रायव्हर आज्ञाच नाकारतो, कारण येणारी आणि जाणारी रांग एकाच इंटरप्टवर बसलेली असते. आपल्या प्रश्नात यातले काहीही बदलण्याची गरज मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट: कार्ड कोणत्या प्रोसेसरच्या स्लॉटमध्ये आहे? दोन प्रोसेसरच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक स्लॉट एकाच प्रोसेसरला जोडलेला असतो. /सिस/क्लास/नेट खाली इंटरफेसच्या नावाच्या फोल्डरात डिव्हाइस/नूमा_नोड ही फाइल वाचली की ० किंवा १ असे उत्तर मिळते. रांगांचे इंटरप्ट त्याच बाजूच्या कोअरवर ठेवावेत आणि शक्य असेल तर रेकॉर्डरची प्रक्रियाही तिकडेच बांधावी, नाहीतर प्रत्येक पॅकेटला एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे फेरी मारावी लागते. आयआरक्यूबॅलन्स बंद करायचा असेल तर इंटरप्ट हाताने वाटून दिल्यावरच करावा. ते न करता नुसती सेवा थांबवली, तर त्या क्षणी जी वाटणी असेल तीच गोठून राहते, आणि सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर कोणती वाटणी नशिबी येईल हे सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट लवकर पाहून होते. एक्स५२० हे पीसीआय एक्स्प्रेस २.० चे आठ लेनचे कार्ड आहे. दिसायला आठ लेनचा पण आतून चार लेनचा स्लॉट बऱ्याच सर्व्हरमध्ये असतो. एलएसपीसीआय या आज्ञेच्या तपशिलात लिंक स्टेटस या ओळीवर वेग ५ जीटी आणि रुंदी एक्स८ दिसायला हवी. चार लेन असल्या तरी आपल्या साडेतीनशे मेगाबिटला काही होणार नाही, पण उद्या कोणी दोन्ही पोर्ट एकत्र वापरायचे ठरवले तर १६ गिगाबिटच्या वाटेने २० गिगाबिट जाणार नाहीत.

बदल टिकवण्याविषयी: रिंगचा आकार नेटवर्कमॅनेजरमध्येच ठेवावा. एनएमसीएलआय या नेटवर्कमॅनेजरच्या आज्ञेने त्या कनेक्शनच्या ईथटूल.रिंग-आरएक्स या गुणाला २,०४८ ही किंमत द्यावी, मग कनेक्शन वर येताना ती आपोआप लागू होते. हॅशची आज्ञा मी /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/डिस्पॅचर.डी मधील छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवतो. इंटरफेस वर आल्याची घटना घडली की ती चालते. स्क्रिप्टची मालकी रूटकडे असावी आणि इतर कोणाला ती बदलता येऊ नये, नाहीतर नेटवर्कमॅनेजर ती चालवतच नाही. आणि ड्रायव्हर जर इंटेलच्या संकेतस्थळावरून आणून स्वतः बांधलेला असेल, तर कर्नल बदलल्यावर तो निमूटपणे जातो व कर्नलबरोबरचा ड्रायव्हर त्याची जागा घेतो. ईथटूल -आय (लहान आय) ने आवृत्ती पाहून ती एकदा कागदावर लिहून ठेवावी.

खराडी_रात्रपाळी

सर्वांचे मनापासून आभार. सुचवलेल्या क्रमाने केलेल्या कामाचा अहवाल देतो.

गर्दीच्या वेळी /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये खरोखरच दोनच रांगांचे आकडे धावत होते, बाकीच्या जवळजवळ निश्चल होत्या. त्या दोन कोअरवर सॉफ्ट इंटरप्टचा वापर ६० ते ७० टक्के दिसत होता. शंभराला टेकत नव्हता, म्हणूनच आमच्या देखरेखीच्या प्रणालीने कधी लाल दिवा दाखवला नाही. एसबीसीच्या बाजूने पॅकेट पकडून त्यांच्या वेळा पाहिल्या, तर ठोक्याबरोबर गठ्ठ्याने येण्याचा अंदाजही बरोबर निघाला. यूडीपी४ चा हॅश केवळ आयपी पत्त्यांवर होता.

दोन्ही पोर्टांना एसडीएफएन दिले. नोंदींमध्ये तुकड्यांविषयीचा इशारा अपेक्षेप्रमाणे उमटला. १६ रांगांमध्ये वाटणी लगेच सुरू झाली आणि आरएक्स_नो_डीएमए_रिसोर्सेस त्याच गर्दीत जागच्या जागी थांबला. सिप आमच्याकडे यूडीपीवरच होते. एसबीसीवर ते टीसीपी करून घेतले आहे. रिंग अजून ५१२ च ठेवली आहे, म्हणजे कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला हे वेगळे ओळखता येईल. नूमा_नोड १ निघाला, आणि बायोसमध्ये वीजबचतीचीच निवड होती. ती येत्या रविवारी रात्री बदलणार आहे.

तक्रारी बऱ्याच कमी झाल्या, पण पूर्ण संपलेल्या नाहीत. आता नेटस्टॅटमध्ये यूडीपीच्या रिसीव्ह बफर एरर दिसू लागल्या आहेत. त्या दिवसभर पसरलेल्या नसून दर अर्ध्या तासाने काही सेकंद उसळतात आणि थांबतात. रेकॉर्डर प्रत्येक कॉलच्या प्रत्येक बाजूसाठी स्वतंत्र सॉकेट उघडतो. रिसीव्ह बफरची कर्नलमधील मर्यादा वाढवली तर हे थांबेल का?

सदाशिव_रूट

मर्यादा वाढवून एरर कदाचित दिसेनाशा होतील, पण आपण दिलेला तपशील दुसरीकडे बोट दाखवतो. सॉकेटचा मूळ बफर २,१२,९९२ बाइटचा असतो. कर्नल त्यात पॅकेटचे २०० बाइट न मोजता त्यासाठी अडवलेली सगळी स्मृती मोजते, त्यामुळे हजार पॅकेट मावतील असे धरू नये, दोन-तीनशे धरावीत. तरीही एका सॉकेटवर सेकंदाला ५० च पॅकेट येत असतील तर तो भरायला चार ते सहा सेकंद लागतात. म्हणजे दर अर्ध्या तासाने रेकॉर्डर तेवढा वेळ एकही पॅकेट उचलत नाही. इतका वेळ प्रोग्रॅम अडकतो तो बहुधा डिस्कवर.

/प्रॉक/नेट/यूडीपीच्या शेवटच्या स्तंभात प्रत्येक सॉकेटची गळती वेगळी दिसते. ती सगळ्या सॉकेटांवर एकाच क्षणी होत असेल तर पूर्ण प्रक्रिया अडकते आहे; काहींवरच होत असेल तर एखादा थ्रेड, म्हणजे प्रक्रियेतील एक स्वतंत्र शाखा. त्याच वेळी आयओस्टॅट चालू ठेवून डिस्कचा प्रतीक्षाकाळ पाहावा, आणि दर अर्ध्या तासाने त्या सर्व्हरवर काय चालते ते क्रॉन या ठरलेल्या वेळी कामे सोडणाऱ्या सेवेत शोधावे. आरमेम_मॅक्स, म्हणजे आपण विचारलेली मर्यादा, वाढवायचेच असेल तर लक्षात असू द्यावे की ती फक्त कमाल मर्यादा आहे. प्रोग्रॅमने स्वतः मोठा बफर मागितला तरच तिचा उपयोग, नाहीतर आरमेम_डिफॉल्ट वाढवावे लागते.

खराडी_रात्रपाळी

सापडले. तयार झालेली रेकॉर्डिंग दाबून सामायिक साठ्यावर हलवणारे काम दर अर्ध्या तासाला क्रॉनमधून सुटते, आणि ते त्याच डिस्कवरून वाचते जिच्यावर रेकॉर्डर लिहीत असतो. गळती सगळ्या सॉकेटांवर एकदम होते आणि डिस्कचा प्रतीक्षाकाळ त्याच क्षणी कित्येक पटींनी वाढतो. हे काम रेकॉर्डर पुरवणाऱ्या कंपनीनेच बसवलेले आहे. ते तूर्त रात्री दहानंतर चालेल असे केले असून, आवाज घेणारा थ्रेड डिस्कवर लिहिण्यासाठी का थांबतो, याचे लेखी उत्तर त्यांच्याकडे आकड्यांसह मागितले आहे.

बायोसचा बदल रविवारी झाल्यावर रिंग २,०४८ करीन. आधी बॅकअप पोर्ट, मग दुसरा.

भोसरी_एमआयडीसी

डिस्पॅचरची स्क्रिप्ट दोन्ही पोर्टांच्या नावांनी चालते ना, हे रविवारीच सर्व्हर एकदा पुन्हा सुरू करून तपासून घ्यावे. त्यासाठी गुरुवारची वाट पाहू नये.